पालकांचे प्रश्न : मुलगा ‘नाही’ ऐकून घेत नाही

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातील कास्तकार आहोत. लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा झाला, त्यामुळे त्याला कधी कोणी रागावले नाही. आता तो नऊ वर्षांचा आहे. मागितलेली वस्तू मिळाली नाही की तो जमिनीवर लोळतो, ताट भिरकावतो. मी ठाम राहिले तर सासूबाई म्हणतात, “लेकरू हाय, रडवू नको त्याले.” किराणा दुकानात त्याने आमच्या नावावर परस्पर उधारी केल्याचे मागच्या महिन्यात कळले आणि परवा मोबाइल काढून घेतला म्हणून त्याने आजीच्याच हातावर मारले. यजमान म्हणतात, मोठा झाला की सुधारेल. आमचे काय चुकले?

उत्तर : ताई, आठ वर्षे वाट पाहून झालेल्या लेकराचे लाड झाले, यात दोष काढण्यासारखे काही नाही, मायेने मूल बिघडते असे मी मानत नाही. तुमच्या घरात ‘नाही’ हा शब्द उच्चारला जातो, पण टिकत नाही, ही खरी अडचण आहे. अर्धा तास रडले की तुमच्या नकाराचा होकार होतो, आणि तुम्ही नमला नाहीत तर आजी नमतात, हे तुमच्या मुलाने फार लहानपणीच हेरले आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा घरांतील रोजचे व्यवहार बारकाईने पाहून या फेऱ्याची उकल केली. मूल ओरडते, मोठे माणूस नमते. मुलाला वस्तू मिळते आणि मोठ्याला शांतता मिळते. त्या क्षणी दोघांचीही सुटका होते, म्हणूनच पुढच्या वेळी दोघेही तेच करतात, फक्त ओरडणे थोडे वाढलेले असते. लोळण्यापासून ताट भिरकावण्यापर्यंत आणि तिथून आजीवर हात उगारण्यापर्यंतचा प्रवास असा पायरीपायरीने झाला असावा. तो आपोआप थांबेल, या यजमानांच्या भरवशावर मी राहणार नाही.

अमेरिकेतीलच मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या घरांत माया होती पण मागणी किंवा बंधन जवळजवळ नव्हते, तेथील मुलांमध्ये स्वतःला आवरण्याची आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची क्षमता कमी आढळली. नुसता धाक असलेल्या घरांतील मुलेही समाधानी नव्हती. जिथे माया आणि ठामपणा एकत्र होते, तिथली मुले सर्वांत सावरलेली होती. ती शहरी अमेरिकी घरे होती, हे खरे. आपल्याकडे एका लेकराला चार मोठी माणसे वाढवतात, आणि माझ्या मते आपल्या खेड्यांत सैलपणापेक्षाही या चौघांच्या चार वेगळ्या शब्दांनी अधिक नुकसान होते.

म्हणून सुरुवात मुलापासून करू नका. तो झोपल्यावर सासूबाई आणि यजमान यांच्यासोबत बसा आणि फक्त तीन गोष्टी ठरवा : कोणावरही हात उगारायचा नाही, दुकानात उधारी नाही, मोबाइल ठरलेल्या वेळेपुरताच. दुकानदारालाही सांगून ठेवा. सासूबाईंना दोष देऊ नका. मार त्यांनी खाल्ला आहे, आणि नातवाला जवळ घेऊनही नकार देता येतो हे त्यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. पहिले काही दिवस रडणे वाढेल, हे तिघांनीही आधीच मनाशी धरून ठेवावे, कारण चौथ्या दिवशी तुम्ही नमलात तर चार दिवस रडावे लागते एवढेच तो शिकेल. मारू मात्र नका. मारू नये हे मारून शिकवता येत नाही. त्याने हात उगारला तर तो हात धरा, थोडक्यात सांगा आणि तो शांत होईपर्यंत जवळ थांबा.

उधारीची परतफेड त्याच्यासमोर नव्हे, त्याच्या हातून व्हावी. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरताना मिळालेल्या बोजाऱ्यातले (लेकरांना मिळणाऱ्या भेटीतले) काही पैसे शिल्लक असतील, तर ते त्याने वडिलांसोबत जाऊन दुकानदाराला द्यावेत. गोठ्यातल्या वासराला रोज सकाळी पाणी पाजण्याचे कामही त्याच्याकडे द्या आणि तो विसरला तर स्वतः करून टाकू नका, त्याला उठवून गोठ्यात न्या. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे लाडात वाढलेल्या मुलाला क्वचितच अनुभवायला मिळते.

महिना-दोन महिन्यांनंतरही मारणे थांबले नाही, किंवा शाळेतूनही तीच तक्रार आली, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोला.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. संत्र्याच्या बगीच्यापर्यंत मोटारसायकल नेतो, आता शाळेतही न्यायची म्हणतो. दोन दिवस नीट जेवला नाही. द्यावी का? (एक वडील, वरुड तालुका)

उत्तर : देऊ नये, आणि बगीच्यापर्यंतही देऊ नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. हे त्याला धमकी म्हणून नव्हे, शेजारी बसवून समजावून सांगा, आणि आजवर गाडी देण्यात आपलीच चूक झाली, हेही मोकळेपणाने कबूल करा. त्याची सायकल दुरुस्त करून द्या. संध्याकाळी नेहमीप्रमाणे सर्वांसोबत त्याचेही ताट वाढा, त्याला एकदा हाक मारा आणि जेवताना गाडीचा विषय काढू नका.