पाळत, टेहळणी की देखरेख?

एका अनुवादकाने विचारलं आहे: 'सर्वेलन्स'वरच्या लेखाला मी 'नागरिकांवरील शासकीय देखरेखीच्या मर्यादा' असं शीर्षक दिलं. शब्द बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. देखरेख बांधकामावर असते, परीक्षेच्या वर्गावर असते, अतिदक्षता विभागातल्या रुग्णावर असते. ती उघड असते आणि बहुतेक वेळा भल्यासाठी असते. 'निगराणी'चंही तेच. फारसी 'निगाह'ची मराठीत 'निगा' झाली आणि नुसत्या नजरेत माया आली. आपण झाडांची निगा राखतो, केसांची राखतो. चोरून फोन ऐकणाऱ्याला असा शब्द बहाल करायचं कारण नाही.

'टेहळणी' जवळची आहे, पण तिची जागा गडाच्या बुरुजावर. धुरळा कुठे उडतोय, शत्रू कुठून येतोय हे पाहणारी ती नजर तटाबाहेर असते. नागरिक तटाच्या आत राहतात.

उरली 'पाळत'. ती गुपचूप असते, कोणा एकावर असते आणि हेतू मनात धरून असते. गंमत अशी की 'बँकेतून पैसे काढणाऱ्या वृद्धावर पाळत ठेवून लुटलं' आणि 'पोलिसांनी पाळत ठेवून आरोपीला पकडलं' या दोन्ही बातम्या एकाच पानावर सापडतात. चोराला आणि शिपायाला मराठीने एकच शब्द दिला. सरकारी मसुद्यांना 'देखरेख' का आवडते, ते यावरून कळावं.

शिवाय पाळत म्हटलं की लगेच विचारता येतं: कोणावर? किती दिवस? कोणाच्या हुकमाने? कायद्याची सगळी भांडणं याच तीन प्रश्नांवर झाली आहेत. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांच्यावर १९४१ मध्ये दरोड्याचा आळ आला, पुराव्याअभावी ते सुटले, तरी पोलिसांनी त्यांची 'हिस्ट्री शीट', म्हणजे संशयितावर नजर ठेवण्यासाठीची नोंद, उघडलीच. चौकीदार रात्री-अपरात्री दार ठोठावून त्यांना उठवत. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हे रात्रीचं दार ठोठावणं बेकायदा ठरवलं, मात्र घराभोवतीचा छुपा पहारा चालू दिला. खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, असं तेव्हाचं बहुमत होतं. ते मत २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुसलं.

फोनची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १८८५ च्या तार कायद्यात संदेश अडवायला 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक कारण लागे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली: हुकूम गृहसचिवांचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी एकूण सहा महिने. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचखोरीच्या प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले, कारण त्या दोन कारणांपैकी एकही तिथे नव्हतं. ऐकलेलं सगळं नष्ट करायलाही सांगितलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही हीच दोन कारणं पुन्हा आली आहेत.

एक अडचण मान्य करतो. चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांना 'पाळत' नीट बसत नाही, कारण तिथे कोणी एक लक्ष्य नसतं. तिथे मी 'सरसकट पाळत' लिहीन. विशेषण जरा खटकतं, आणि खटकावंच.

तुमच्या मसुद्यात 'गोपनीयतेचा अधिकार'ही आहे. वर्तमानपत्रं सर्रास तसं लिहितात, पण मंत्री 'पद आणि गोपनीयतेची' शपथ घेतात ती गुपितं राखण्याची. गोपनीयता सरकारची, खासगीपणा माणसाचा. तेवढा शब्द बदला. आणि तिसऱ्या परिच्छेदात 'पाळतच्या' झालंय, ते 'पाळतीच्या' करा.