एकोमध्ये ‘ग्रेड वन’ लिहून आलंय, घाबरायचं का?

प्रश्न : आईचं वय 64, बीपीची एक गोळी चालू आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर ईएफ 60 टक्के आणि खाली ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. तिला धाप लागत नाही, पायावर सूज नाही. पण घरात सगळे म्हणतायत की हे हार्ट फेल्युअरच आहे. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, एवढ्यावरून हार्ट फेल्युअर म्हणता येत नाही. ईएफ सांगतो हृदय आवळतं किती, आणि ही दुसरी ओळ सांगते की आवळून झाल्यावर ते सैल किती पटकन पडतं. वय वाढलं, बीपी राहिलं की स्नायू जरा ताठर होतो, मग आपोआप येणारं रक्त कमी आणि वरच्या कप्प्याने ढकललेलं जास्त, म्हणून रिपोर्टातला ई (आपोआप येणाऱ्या रक्ताचा वेग) लहान आणि ए (ढकललेल्या रक्ताचा वेग) मोठा दिसतो, आणि साठीनंतर हे इतकं कॉमन आहे की मला तर नसलं तरच नवल वाटतं.

पण नुसत्या ई-ए रेशोवर ग्रेड ठरवणं मला पटत नाही, कारण आजार पुढे सरकला की तोच रेशो परत नॉर्मल दिसायला लागतो! म्हणून रिपोर्टात अजून चार आकडे शोधा. ई प्राइम, म्हणजे सैल पडताना हृदयाची भिंत किती वेगाने हलते (आतल्या भिंतीचा 7 किंवा बाहेरच्या भिंतीचा 10 सेंमी प्रतिसेकंदच्या खाली), ई भागिले ई प्राइमची सरासरी 14 च्या वर, डाव्या वरच्या कप्प्याचं व्हॉल्यूम (शरीराच्या आकाराच्या हिशेबाने) 34 मिली प्रति चौरस मीटरच्या वर आणि टीआर व्हेलॉसिटी (उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग) 2.8 मीटर प्रतिसेकंदच्या वर. 2016 च्या गाइडलाइननुसार ईएफ नॉर्मल असताना यातले तीन-चार बिघडलेले असतील तर डिसफंक्शन नक्की, दोनच असतील तर काही ठरवता येत नाही.

तरी ‘काही नाही हो’ म्हणून सोडूनही देऊ नका. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत पंचेचाळिशीपुढच्या 2042 लोकांचे एको केले होते, 2003 साली छापून आलं, त्यात सुमारे 21 टक्क्यांना सौम्य प्रकार (हाच ग्रेड वन) निघाला आणि त्यांच्यातही मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्तच होता. म्हणजे बीपी, शुगर, वजन ताब्यात ठेवायचं, या ओळीसाठी वेगळी गोळी नाही. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, सलाइन किती द्यायचं याचा अंदाज त्यांना लागतो.

प्रश्न : बाबा 71 वर्षांचे, वजन 96 किलो, डायबेटिस आहे. एक जिना चढला की धाप लागते, पण ईएफ 60 म्हणून हृदय ठीक आहे असं सांगितलं.
– वाचक, नाशिक

उत्तर : इथे मात्र मी एवढ्यावर थांबणार नाही. ईएफ 50 च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं, आणि वय, जाडेपणा, बीपीच्या दोन-तीन गोळ्या, अनियमित ठोके हे सगळं जुळून आलं की शंका वाढते. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या, 125 पिकोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर कार्डिओलॉजिस्टना दाखवाच, पण जाड माणसात ती खोटी कमी येऊ शकते, तेव्हा नॉर्मल आली म्हणून धाप विसरायची नाही. बसल्या जागी एको ठीक दिसतो आणि चालवल्यावर हृदयाच्या आतलं प्रेशर चढतं असंही होतं, तेव्हा व्यायामानंतरचा एको करतात. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांनी अशा पेशंटचं हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं कमी होतं हे 2021 आणि 2022 च्या मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय, त्या बाबांना चालतील का हे किडनीचे रिपोर्ट घेऊन विचारा. जाताना जुने एकोही न्या, वरचा कप्पा वाढत गेलाय का ते त्यातूनच कळेल.