संगणक-शंका : ब्राउझरची घडी बसवताना

प्र. मुलाने पुण्याहून लॅपटॉप पाठवला. त्यात एज आहे. शेजारी म्हणतात क्रोम टाका, भाची म्हणते फायरफॉक्स. आणि गूगल म्हणजेच क्रोम ना?
– निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उ. बाई, इथेच बहुतेकांची गल्लत होते. गूगल ही शोधून देणारी वेबसाइट. क्रोम हा त्याच कंपनीचा ब्राउझर, म्हणजे कुठलीही वेबसाइट उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. गूगल एजमधूनही उघडते. शिवाय जानेवारी २०२० पासून एज हा क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, उभा आहे. क्रोममध्ये चालणारी साइट सहसा त्यात अडत नाही. तेव्हा शेजाऱ्यांसाठी बदल करू नका. फायरफॉक्स मात्र जोडीला असू द्या. त्याचे इंजिन वेगळे, त्यामुळे एखादा फॉर्म एजमध्ये 'सबमिट'पाशी अडला तर तोच तिकडे भरून बघता येतो. घेताना वरच्या पट्टीत फायरफॉक्स डॉट कॉम हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधून आलेल्या पहिल्या ओळीवर 'स्पॉन्सर्ड' असे असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते.

मग एजमध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, डाउनलोड्स. तिथे फाइल कुठे ठेवायची ते दरवेळी विचारण्याचा पर्याय चालू करा. 'पावती उतरवली पण सापडत नाही' ही तक्रार बरीचशी मिटते. अक्षर बारीक दिसत असेल तर कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबा. पण ते त्या एका साइटपुरतेच. सगळीकडे मोठे हवे असेल तर सेटिंग्जमध्ये 'पेज झूम' १२५ टक्के करा.

प्र. दुकानाच्या संगणकावर उजवीकडे खाली सारखे येते : 'व्हायरस सापडले, लगेच फोन करा.' ब्राउझर बंद केला तरी येते. फॉरमॅट मारावा का?
– चादर-टॉवेलचे व्यापारी, सोलापूर

उ. थांबा, फॉरमॅटचे पैसे वाचतील. हा बहुधा व्हायरस नाही, परवानगी आहे, आणि ती दुकानातल्याच कुणीतरी दिली आहे. काही पानांवर 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असे लिहिलेले असते. अलाऊ दाबले की त्या साइटला तुमच्या पडद्यावर सूचना पाठवायची मुभा मिळते. खिडकी बंद केली तरी क्रोम आणि एज मागे चालू राहू शकतात, म्हणून सूचना थांबत नाहीत.

सेटिंग्जमध्ये गेल्यावर वर शोधायची चौकट असते. तिच्यात 'नोटिफिकेशन्स' टाइप करा. मेनूंची नावे दर काही महिन्यांनी बदलतात, चौकट बदलत नाही. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल, त्यात अनोळखी नावे असतील. प्रत्येकासमोरच्या तीन ठिपक्यांवर 'रिमूव्ह' आणि 'ब्लॉक' असे दोन पर्याय येतात. ब्लॉकच घ्या. रिमूव्ह केलेली साइट पुन्हा विचारू शकते, आणि गिऱ्हाईक समोर असताना पुन्हा कुणीतरी अलाऊ दाबतो. त्याच पानावर कुठल्याही साइटने सूचना पाठवू नये, असाही पर्याय असतो. दुकानाच्या संगणकाला तोच बरा.

एवढे करूनही मुख्यपान आपोआप बदलत असेल तर एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत न ओळखीचे काय आहे ते पाहा आणि काढून टाका. त्या सूचनेतल्या नंबरवर फोन करू नका. कुणी केला असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा.

प्र. विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर प्रत्येक साइट 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणते. त्याच वायफायवर बाकी संगणक ठीक. सोमवारी हमखास.
– कारखान्याचे हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उ. 'सोमवारी' लिहिलेत हे फार बरे केलेत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. पाच-दहा वर्षांपूर्वीची दिसली तर चोर सापडला.

प्रत्येक सुरक्षित साइट आपले प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाचे घड्याळ मागे गेले की आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते, आणि ब्राउझर अडवतो. घड्याळ मागे जाते ते मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य बोर्डावरची, नाण्याएवढी बॅटरी संपली म्हणून. प्लग चालू असेपर्यंत बोर्डाला वीज मिळते आणि तारीख टिकते. सुट्टीला मेन स्विच पाडला की पुसली जाते.

बॅटरी सीआर २०३२, ३ व्होल्टची : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप. संगणक बंद करून प्लग काढा, कडेची क्लिप हलकेच दाबा, जुनी उसळून वर येईल. नवी बसवताना अधिकची खूण वर. मग तारीख आणि वेळ लावा. भारताचा टाइम झोन निवडायला विसरू नका.

घाई असली तरी त्या इशाऱ्यावरचे 'ॲडव्हान्स्ड' दाबून जीएसटी किंवा बँकेच्या साइटवर पुढे जाऊ नका. आणि मशीन दुरुस्त झाले तरी विंडोज ७ वर क्रोम १०९ या आवृत्तीपाशीच थांबला आहे. जानेवारी २०२३ नंतरचे बदल त्यात नाहीत. पैशांचे व्यवहार दुसऱ्या संगणकावरच करा.

प्र. सातबारा शोधला की वेगवेगळ्या साइट येतात, काही पैसे मागतात. कुलूप दिसते, म्हणजे खरी ना?
– शेतकरी, मोहोळ तालुका

उ. कुलूप एवढेच सांगते की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलेला कोण, हे ते सांगत नाही. ठगालाही कुलूप मिळते.

पत्ता उजवीकडून वाचा. 'एचटीटीपीएस'च्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे शब्द बघा. भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन, हा खरा. जीओव्ही डॉट इन फक्त सरकारी खात्यांना मिळते. पण शेवट 'महाभूमी-जीओव्ही-इन डॉट कॉम' असा असेल तर मालक डॉट कॉमवाला कुणीही, मधल्या आडव्या रेघा नुसती वेषभूषा. बिनसहीचा उतारा पाहायला सरकारी साइटवर पैसे लागत नाहीत. खरी साइट उघडली की कंट्रोल आणि डी दाबून खूण करून ठेवा.

प्र. नेट कॅफेत इन्कॉग्निटो वापरले की काहीच मागे राहत नाही ना?
– विद्यार्थिनी, बार्शी

उ. राहते. इन्कॉग्निटोच्या, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी, सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन आणि इतिहास जातो. एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन टिकते. कोणती साइट उघडली ते कॅफेचे नेटवर्क पाहू शकते. आणि उतरवलेली फाइल, म्हणजे तुमचा आधार नंबर असलेली पावती, डाउनलोड्समध्ये तशीच पडून असते. ती पेन ड्राइव्हवर घेतल्यावर डाउनलोड्समधली फाइल निवडून शिफ्ट धरून डिलीट दाबा. नुसत्या डिलीटने रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते.