मुलगा तिसरीत आहे. तोंडी सगळं येतं, पण वाचता-लिहिता येत नाही. आळस समजावा की वेगळी मदत लागेल?

तोंडी आणि लेखी यातली ही तफावतच सर्वात बोलकी खूण. आळशी मूल दोन्हीकडे टाळाटाळ करतं. गोष्ट ऐकून नेमकी उत्तरं देणारं मूल तोच धडा वाचताना जोडाक्षरांवर अडतं, ओळ सोडतं, शब्द अंदाजाने ठोकून देतं, फळ्यावरचं उतरवताना मात्रा-वेलांट्या गाळतं, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीची, शंका घ्यायला हवी. पहिलीत अक्षरं उलटी निघणं सर्रास असतं, त्याने घाबरू नका. तिसरीतही तेच चालू असेल तर थांबू नका.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कित्येकदा प्रश्न चष्म्याचाच निघतो. ते ठीक असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, जुन्या वह्या घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांकडे जा. निश्चित निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं, पण वाचनाची मदत त्याआधीही सुरू करता येते. मुंबईत सायन, नायर, केईएम रुग्णालयांत तपासणी होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे, आणि तसं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

आणि हो, नुसती आणखी एक शिकवणी लावू नका. तीच पद्धत दुप्पट वेळ, एवढंच होतं त्यात.