घर ओढ्याच्या कुठल्या काठाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांना जर्मनीत होफ शहरात नोकरी मिळालीय, तिथून जवळच्या म्यॉडलारॉइट नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला परवडणाऱ्या भाड्यात मिळतोय, आणि तुम्ही विचारताय की गाव कसं आहे, इतिहास काय, मुलीला घेऊन राहण्याजोगं आहे का. मी शेजारच्या ट्योपेनमध्ये सात वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण आधी माझाच एक प्रश्न: घर ओढ्याच्या कुठल्या काठाला आहे? घरमालकाला हे विचारल्याशिवाय भाडेकराराला हात लावू नका.

ओढ्याचं नाव टानबाख. नाव ऐकून काही मोठं डोळ्यांपुढे आणू नका, माझा मुलगा पाचवीत असताना दप्तरासकट उडी मारून पार जायचा. गावही तेवढंच: पन्नासच्या आतबाहेर माणसं, कौलारू घरं, गोठे, मध्ये तळं. पण ओढ्याच्या एका अंगाला बव्हेरिया आणि दुसऱ्या अंगाला थ्युरिंगिया, म्हणजे दोन वेगळी राज्यं. चंद्रपूरकडच्या महाराजगुड्यातलं ते घर आठवतंय ना, अर्ध्या खोल्या महाराष्ट्रात आणि अर्ध्या तेलंगणात? तसंच, फक्त इथे अख्खं गाव.

ही सीमा काही रशिया-अमेरिकेने आखलेली नाही. १८१० साली बव्हेरियाचं राज्य आणि रॉइसचं छोटं संस्थान यांच्यात ओढ्याकाठी दगड रोवले गेले, तेव्हापासूनची आहे. तेव्हा तिचा कुणाला काही जाच नव्हता. शाळा आणि खानावळ थ्युरिंगियाच्या बाजूला, चर्च बव्हेरियात ट्योपेनला. रविवारी सगळे इकडे, सोमवारी पोरं तिकडे.

१९४५ नंतर सगळं फिरलं. थ्युरिंगिया रशियनांकडे गेला, बव्हेरिया अमेरिकनांकडे, आणि १९४९ मध्ये दोन जर्मनी झाल्यावर हा उडी मारायचा ओढा आंतरराष्ट्रीय सीमा झाला. खरा घाव बसला १९५२ मध्ये. पूर्व जर्मनीने सीमेलगतची पाच किलोमीटरची पट्टी निषिद्ध केली. त्यात राहायलाही पास लागे. ज्यांच्यावर भरवसा नाही अशी कुटुंबं उचलून आत खोलवर नेऊन टाकली. सरकारी कागदांत त्या मोहिमेचं टोपणनाव होतं 'उनगेत्सिफर', म्हणजे कीड. आपल्याच माणसांना ठेवलेलं नाव हे. आधी लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये गावाच्या मधोमध सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. अमेरिकन शिपाई गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायला लागले ते यामुळेच. पलीकडून हात हलवायला, साधं 'कसे आहात' म्हणायलाही बंदी होती. ती भिंत प्रत्यक्षात एकच जण ओलांडून गेला, १९७३ मध्ये, शिडी लावून.

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थोरले बुश भिंत बघायला इथे आले होते. अर्थात बव्हेरियाच्या बाजूला.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली हे जगाला ठाऊक आहे. म्यॉडलारॉइटकरांना मात्र बरोबर एक महिना थांबावं लागलं. ९ डिसेंबरला भिंतीत वाट निघाली आणि माणसं चालत पलीकडे गेली. पुढे १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडली. सगळी पाडली नाही, एक तुकडा मुद्दाम ठेवला, आणि आज तेच इथलं मुख्य 'बघण्यासारखं' आहे: पांढरी भिंत, टेहळणीचा मनोरा, तारेचं कुंपण, आणि त्याभोवती उभारलेलं जर्मन-जर्मन संग्रहालय. पाहुणे आले की मी त्यांना आधी ते १८१० चे दगड दाखवते आणि मगच भिंत. त्या क्रमाने बघितलं तरच गंमत कळते. सहलींच्या बसेस येतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी खेड्याची शांतता वगैरे विसरा. संध्याकाळी मात्र गायींशिवाय कुणी नसतं.

आता तुमच्या कामाचं. भिंत गेली, राज्यांची सीमा राहिली. गावाला दोन महापौर आहेत: बव्हेरियाचा काठ ट्योपेनच्या ग्रामपंचायतीत, थ्युरिंगियाचा काठ गेफेल नगरपालिकेत. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, ती काठाप्रमाणे वेगळ्या कचेरीत. गाडीची पाटीही वेगळी. मुलगी कितवीत आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण शाळा राज्याप्रमाणे ठरते, हे नीट लक्षात घ्या. बव्हेरियात चौथीच्या गुणांवर पुढची शाळा ठरते; गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (इथे १ म्हणजे उत्तम, तेव्हा आकडा कमी तितकं बरं). नव्याने जर्मन शिकणाऱ्या पोरीला हे जड जातं, आमच्याकडे त्या वर्षी घरात कुणी धड जेवलं नव्हतं. सुट्ट्याही जुळत नाहीत. ६ जानेवारीला बव्हेरिया बंद, ओढ्यापलीकडे कामाचा दिवस. ३१ ऑक्टोबरला थ्युरिंगिया बंद आणि १ नोव्हेंबरला बव्हेरिया. यजमानांची कचेरी होफची, म्हणजे बव्हेरियाची. घर पलीकडे घेतलंत तर बापलेकीच्या सुट्ट्यांची चुकामूक ठरलेली.

गाडीशिवाय इथे राहता येत नाही. बस आहे म्हणायला आहे. भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, तेव्हा आल्याआल्या शिकवणी लावा. मी आळस केला आणि एक अख्खा हिवाळा शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर काढला. हिवाळा इथला साधा नाही, या भागाला 'बव्हेरियाचा सायबेरिया' उगाच म्हणत नाहीत. आपली माणसं हवीत तर होफ गाठा. तिथल्या विद्यापीठात बव्हेरिया-भारत केंद्र आहे आणि भारतीय विद्यार्थी भरपूर, त्यात मराठी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच.

माणसं चांगली आहेत, बोलायला वेळ घेतात. बव्हेरियाच्या काठावर 'ग्र्यूस गॉट' म्हणा, पलीकडे 'गुटन टाग'. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. केक कापता कापता हनुवटीने ओढ्याकडे खूण करतात आणि म्हणतात 'द्र्यूबन', पलीकडे. भिंत जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, त्यांचं पलीकडे अजून पलीकडेच आहे. मी एकदा म्हटलं, आजी, गाडीने पाच मिनिटांवर आहे. त्या म्हणाल्या, हो, पण तिकडे माझं काय काम?

तर जाहिरातीतला पिनकोड बघा. ९५१८३ असेल तर बव्हेरिया, ०७९२६ असेल तर थ्युरिंगिया. आकडा मला कळवा, मग कुठल्या शाळेत चौकशी करायची ते लिहिते.