चीनमधल्या चिंगदाओ बंदरात माशांच्या धंद्यात यायचंय? मग आधी हे वाच

तू विचारलंयस की रत्नागिरीच्या प्रोसेसिंग प्लांटमधली क्यूसीची (मालाचा दर्जा तपासायची) नोकरी सोडून चिंगदाओच्या इम्पोर्टरकडे यावं का. ये की, पण आधी व्हिसाचं बघ. झेड व्हिसाच हवा, म्हणजे नोकरीचा, त्याला डिग्री आणि साधारण 2 वर्षांचा अनुभव लागतो, इथे उतरल्यावर 30 दिवसांत रेसिडेन्स परमिटचा अर्ज टाकायचा. "आत्ता बिझनेस व्हिसावर ये, परमिट मागाहून करू" म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नकोस, मी लागलो होतो, चार महिन्यांत बॅग भरून घरी.

आता कामाचं. इथल्या गिऱ्हाइकाला मासा जिवंत लागतो, बाजारात टाकीतून जाळीने काढून फडफडतानाच वजन करतात, तोच मेला की भाव धाडकन खाली. आपला फ्रोझन माल मग कॅन्टीन, हॉटेलं नाहीतर कारखान्यात जातो. आपली वाकटी म्हणजे इथली दाययू, घरोघर खातात, तळून किंवा सोया सॉसमध्ये शिजवून, पण नाव आहे ते इथल्याच चौशान बेटांच्या वाकटीचं, आपली तिच्यापुढे स्वस्तातला माल. माझ्या पहिल्या कंटेनरला बायरने एक ब्लॉक वितळवला, वाकटीच्या पोटावरून अंगठा फिरवला, वरचा चंदेरी थर अंगठ्याला लागला, बोलला काहीच नाही. मग ग्लेझ, म्हणजे माशावरचा बर्फाचा थर, उतरवून वजन केलं आणि 200-300 ग्रॅमच्या ग्रेडमधून 160 ग्रॅमचे तीन पीस काढून माझ्यासमोर ओळीत मांडले. मी पॅकिंग लिस्ट पुढे केली, त्याने बघितलीपण नाही. आपल्याकडे "चालतंय रे" म्हणून जे जातं ना, ते इथे टेबलावर येतं आणि तिथे तूच उभा असणार.

कोळंबीत टक्कर इक्वाडोरशी आहे. अमेरिकेला आपण सोलून पाठवायचो, इथे डोक्यासकट जास्त चालते. 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं तेव्हा सगळ्यांना चीन आठवला, पण इक्वाडोरवाले आधीच बस्तान मांडून बसलेले.

इम्पोर्टरला एक नक्की विचार, माल किती देशांतून येतो? ऑगस्ट 2023 मध्ये जपानचे मासे एका दिवसात बंद झाले, त्याआधी कोरोनात फ्रोझन बॉक्सवर व्हायरस शोधत बसायचे आणि कंटेनर बंदरात अडकायचे. एकाच देशावर चालणाऱ्या कंपनीत येऊ नकोस. चिनी न्यू इयरच्या आधी मरणाचं काम, नंतर सगळं ठप्प, त्या आठवड्यात कंटेनर पोचला तर प्लगचं (कंटेनर थंड ठेवणाऱ्या विजेचं) भाडं चढत राहतं आणि फोन कोणी उचलत नाही.

खाण्याचे हाल नाहीत, उलट मजा आहे, तिसऱ्या लाल मिरची घालून आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलेली बियर! कोकम मात्र घेऊन ये.

भाषा जमेल तशी शीक, पण हाताचे आकडे आधी. इथे एकाच हाताने 10 पर्यंत दाखवतात, अंगठा आणि तर्जनी म्हणजे 8. मी ते 2 समजून मान डोलावली होती, युआनमध्ये.