भंडाऱ्याचा पिवळा आणि फोटोशॉपची धास्ती

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, एसटीतून निवृत्त झालेला वाहक. मुलाने कॅमेरा घेऊन दिला. सोमवती अमावास्येला जेजुरीला जाऊन भंडारा उधळतानाचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झकास दिसत होते, लॅपटॉपवर पार फिके पडले. भाच्याने कुठूनतरी फोटोशॉप टाकून दिलंय, पण ते उघडलं की धडकीच भरते. यूट्यूबवर एक जण म्हणतो लेयरपासून सुरू करा, दुसरा म्हणतो कर्व्हपासून. सुरुवात नेमकी कुठून करू? क्लास लावू का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : काका, क्लास आत्ताच लावू नका. आधी फोटो फिके का पडले ते बघू.

तुम्ही मला एकाच क्षणाच्या दोन फाइली पाठवल्यात, एक जेपीजी आणि एक रॉ. त्यातली जेपीजी मुळीच फिकी नाही. लॅपटॉपवर तुम्ही उघडताय ती रॉ. कॅमेरा मागच्या स्क्रीनवर जे दाखवतो ते त्याने स्वतः रंग आणि कॉन्ट्रास्ट चढवून तयार केलेलं चित्र असतं. रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नुसती नोंद. ती फिकीच दिसणार, आणि ते चांगलंच आहे, कारण तिच्यात काम करायला वाव असतो. जेपीजीत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारलेला चेहरा उजळायचा म्हटलं की हा फरक लगेच कळतो.

आता फोटोशॉप. नोल बंधूंनी केलेल्या या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली, तीही फक्त मॅकिंटॉशवर. तेव्हा सर्वसामान्यांच्या हातात डिजिटल कॅमेरा नव्हता. पुढे जाहिरातवाले, छपाईवाले, सिनेमावाले अशा सगळ्यांच्या गरजा त्यात भरत गेल्या. तुम्हाला डाव्या बाजूला दिसणाऱ्या अवजारांपैकी बहुतेक तुमच्या कामाची नाहीतच. फोटोग्राफरची गरज वेगळी आहे हे ओळखून फोटोशॉप विकणाऱ्या ॲडोबी कंपनीनेच २००७ मध्ये लाइटरूम काढलं. पण त्याला दरमहा पैसे मोजावे लागतात. आणि भाच्याने टाकलेलं फोटोशॉप विकत घेतलेलं नसेल, तर ते काढून टाका. अशा चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरस घरात येऊ शकतो आणि वर्षभराचे फोटो घेऊन जाऊ शकतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, विंडोजवर चालतात आणि रॉ उघडतात. माझा कल डार्कटेबलकडे. त्यातही पर्यायांचा भरणा आहे, पण क्विक ॲक्सेस पॅनेल म्हणून एक टॅब असतो, त्यात नेहमी लागणारी मोजकीच बटणं एकत्र मिळतात. पहिले दोन महिने, खाली सांगतेय तेवढी कामं सोडली तर, त्याच्या बाहेर जाऊ नका.

एक गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला कळकळीने सांगते. सॉफ्टवेअर शिकायला बसू नका, तुमचा एक फोटो दुरुस्त करायला बसा. यूट्यूबवरचा माणूस त्याच्या फोटोचं दुखणं दूर करत असतो. ते तुमच्या फोटोला असेलच असं नाही. फोटो उघडला की आधी माउसला हात न लावता पाहा आणि काय खटकतंय ते वहीत लिहा. साध्या मराठीत लिहा. त्या वाक्यावरून बटण शोधायचं.

तुमच्या फोटोवर हे करूनच दाखवते. पायऱ्यांवर उभा राहून एक जण ओंजळीने भंडारा उधळतोय, मागे दीपमाळ आहे. क्षण सुरेख पकडलाय. मी लिहिलं ते असं : दीपमाळ डावीकडे कललीय. चेहरा काळवंडलाय. आभाळ पांढरं पडलंय. धोतर निळसर दिसतंय. भंडाऱ्याचा ढग एकसारखा सपाट वाटतोय, त्यात कण दिसत नाहीत.

कललेली दीपमाळ फोटो फिरवून सरळ झाली, ते सोपं. आभाळासाठी हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सर्वांत उजळ भाग, खाली आणले, थोडं परत आलं. हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख कोपऱ्यात दिसतो, त्याचं डावं टोक म्हणजे काळं, उजवं म्हणजे पांढरं. हायलाइट्स उतरवूनही डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेलाच राहिला तर तिथला तपशील गेला, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. तुमच्या आभाळाचा एक तुकडा असाच गेलाय. पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला प्रकाश, जरा कमी ठेवा.

धोतर निळसर का? फ्रेम पिवळ्याने भरलेली. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, ते पाहून घाबरला आणि त्याने पिवळं मारायला निळं ओतलं. हे सुधारायला एक पिपेट असतं, फोटोतल्या पांढऱ्या किंवा करड्या जागेवर त्याने टिचकी मारायची. पण जेजुरीत पांढरं काही पांढरं उरत नाही! धोतरावर टिचकी मारली तर धोतरावरच्या भंडाऱ्यालाच ते पांढरं समजेल आणि सगळा फोटो आणखी निळा होईल. मी शोधत शोधत दीपमाळेच्या वरच्या अंगाला गेले. तिथे भंडारा पोचलेला नाही, दगड तसाच करडा आहे. तिथे टिचकी मारली आणि माणसाचा रंग माणसासारखा झाला.

राहिला भंडारा. इथे सगळ्यांचा हात सॅच्युरेशनकडे, म्हणजे रंग गडद करण्याकडे, जातो. तुमचाही गेला होता, असं त्या दोन फाइलींसोबत पाठवलेल्या तुमच्या एडिट केलेल्या प्रतीवरून दिसतं. गडद पिवळ्यात लाल रंगाचं माप आधीच २५५ च्या आसपास असतं आणि निळ्याचं शून्याजवळ. सॅच्युरेशन वाढवलं की लाल वरच्या छताला आणि निळं जमिनीला टेकतं. मग उजेडातला कण आणि सावलीतला कण यांच्यात फरकच उरत नाही, पिवळ्या रंगाचा पोचारा मारल्यासारखं दिसतं. म्हणून उलट करायचं. रंगवार बदल करण्याचं जे मॉड्यूल आहे, त्यात फक्त पिवळा निवडून त्याचा उजेड किंचित उतरवायचा. सॅच्युरेशनला हात नाही. ढगात लगेच घड्या दिसायला लागतात, कडेचे कण सुटे होतात. भंडारा हवेत उडतोय हे तेव्हा कुठे जाणवतं.

चेहऱ्यासाठी मास्क लागेल, म्हणजे बदल फोटोच्या ठराविक भागापुरताच ठेवायची सोय. या शब्दाला घाबरू नका. माझी निम्मी नोकरी डार्करूममध्ये गेली. तिथे एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हचं मोठं चित्र कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात तारेला लावलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा चेहऱ्यावर धरायचा, म्हणजे कागदाच्या तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडून चेहरा उजळ उठायचा. पुठ्ठा सारखा हलता ठेवावा लागे, स्थिर राहिला तर त्याची कड कागदावर उमटे. आजचा मास्क म्हणजे तोच पुठ्ठा, आणि फेदर (कड मऊ करणं) म्हणजे ते हलवणं. चेहऱ्यावर लंबगोल काढा, कड चांगली पसरट ठेवा, एक्स्पोजर थोडंसंच वाढवा. सगळ्या फोटोच्या शॅडोज (गडद भाग) उचलू नका, मागच्या गर्दीची सावलीही करडी होऊन बसेल.

आठवडाभर हा एकच फोटो घेऊन बसा. रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा पाहा, डोळा ताजा असतो. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही, सगळे बदल शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे बिघडेल ही चिंता सोडा. कर्व्ह आणि लेयर गरज पडेल तेव्हा शिकाल. आणि पुढच्या सोमवतीला कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवूनच गर्दीत शिरा, हळद लेन्सच्या रिंगमध्ये गेली की काढणं महाकठीण.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनवरच शिकतेय. आजीचा फोटो काढून एका ॲपमधून चेहरा गोरा आणि गुळगुळीत केला. ग्रुपवर सगळ्यांना आवडला, आजी मात्र म्हणाली, "ही कोण गं?" माझं काय चुकलं? (एक विद्यार्थिनी, चंद्रपूर)

उत्तर : तुझ्या आजीचं बरोबर आहे. मूळ फोटोत खिडकीचा उजेड एका बाजूने येतोय आणि गालावरची प्रत्येक सुरकुती त्यात उठून दिसतेय. तो उजेड तू स्वतः निवडलास, आणि मग ॲपने तो पुसून टाकला. सावळ्या रंगाला एडिटिंगमध्ये गोरं करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. लग्नाच्या अल्बमांत ती मी वर्षानुवर्षं पाहिली आणि मला ती कधीच पटली नाही. उजेड सुधारावा, माणूस बदलू नये.

स्नॅपसीड घे. फुकट आहे, गूगलचं आहे, जाहिराती नाहीत. सिलेक्टिव्ह हे टूल उघडून आजीच्या कपाळावर बोट ठेव, दोन बोटांनी वर्तुळ चेहऱ्याएवढं कर आणि ब्राइटनेस जरा वाढव. मग पदराच्या काठावर दुसरा बिंदू ठेवून तिथला उजेड थोडा कमी कर, नजर आपोआप चेहऱ्याकडे जाईल. केलेला प्रत्येक बदल व्ह्यू एडिट्समध्ये क्रमाने राहतो, हवा तो उघडून बदलता येतो. झालं की आधी आजीला दाखव.

प्रश्न : एडिट करून लॅबमधून प्रिंट काढले, सगळे काळपट आले. लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा असतो. ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट केलं की फोटो आपल्याला उजळ वाटतो आणि आपण तो कमी उजेडावर सोडून देतो. एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. विंडोजमधला नाइट लाइट बंद ठेवा, तो स्क्रीन पिवळी करतो. एक्स्पोर्ट करताना रंगांची नेहमीची पद्धत, म्हणजे एसआरजीबी, निवडा. ८ बाय १२ इंची प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल असावेत. लॅबला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवत असाल तर तो दाबून लहान होतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. मोठी ऑर्डर देण्याआधी त्यातलाच एक फोटो ४ बाय ६ मध्ये काढून घ्या आणि दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून पाहा.